कार्बोरेटर उतरवण्याआधीचा हिशेब

जुन्या गाडीच्या चार सिलिंडरच्या, दोन लिटरच्या इंजिनावर इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन बसवण्याचे पहिले काम मी हाती घेतले, तेव्हा सर्वांत आधी ईसीयू, म्हणजे इंजेक्शन चालवणारा छोटा संगणक, निवडला आणि पेट्रोल फवारणारे इंजेक्टर सर्वांत शेवटी. या कामात नव्याने येणारे बहुतेक जण हाच क्रम धरतात आणि माझ्या मते तो उलटा आहे. पुढे इंजिनाची ताकद वाढवलीच तर उपयोगी पडतील, या विचाराने मी मिनिटाला 440 घनसेंटिमीटर पेट्रोल सोडणारे इंजेक्टर आणले होते. इंजिन सुरू झाले, जोरात पळालेही. पण आयडलवर, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन नुसते चालते तेव्हा, मिनिटाच्या फेऱ्या दाखवणारी सुई सातशे ते अकराशेच्या दरम्यान झुलत राहिली आणि आठवड्याभरात प्लग काजळीने काळे झाले.

कारण समजायला वेळ लागला. कॅमशाफ्टला (झडपा उघडणाऱ्या दांड्याला) सेन्सर नसल्यामुळे प्रत्येक इंजेक्टर क्रँकच्या दर फेरीला, म्हणजे इंजिनाच्या चार स्ट्रोकच्या एका चक्रात दोनदा उघडत होता आणि आयडलवर प्रत्येक वेळी जेमतेम पावणेदोन मिलिसेकंद उघडा राहत होता. त्यातला सुमारे एक मिलिसेकंद इंजेक्टरमधली सुई उचलली जाण्यातच जातो आणि बॅटरीचा व्होल्टेज थोडा हलला तरी तो काळ बदलतो. त्यामुळे उरलेल्या पाऊण मिलिसेकंदात पेट्रोलचे माप नेमके राहणे अवघड होते.

इंजेक्टर केवढा हवा, याचा हिशेब खरे तर चार ओळींचा आहे. टर्बो नसलेले जुने पेट्रोल इंजिन पूर्ण भाराला दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण 230 ग्रॅम पेट्रोल घेते, असे धरावे. माझ्या इंजिनाच्या 110 अश्वशक्तीला ते सुमारे 25 किलो, म्हणजे 34 लिटर, म्हणजेच मिनिटाला 570 घनसेंटिमीटर होते. ते चार इंजेक्टरांत वाटले की प्रत्येकी 142 येतात आणि इंजेक्टर ऐंशी टक्क्यांहून अधिक वेळ उघडा ठेवायचा नाही, या नियमाने भागले की 178. दोनशेच्या आसपासचा इंजेक्टर पुरला असता. पुढे किंचित कमी पडलाच, तर पेट्रोलचा दाब तीन बारवरून चार बारवर नेला की प्रवाह सुमारे पंधरा टक्के वाढतो, कारण तो दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. अश्वशक्तीचा आकडा मात्र माहितीपत्रकातला घेऊ नये. जुनी माहितीपत्रके या बाबतीत फार उदार असतात.

पंपाची बाजू याहून अधिक दुर्लक्षित राहते. कार्बोरेटरचा यांत्रिक पंप पाव ते अर्धा बार दाब देतो, तर इंजेक्शनला तीन बार लागतात. म्हणून जुने रबरी पाइप आणि साधे क्लिप ठेवणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे. टाकीत आडपडदे नसतील तर वळणावर पेट्रोल एका बाजूला जाऊन पंप हवा ओढतो. कार्बोरेटरच्या बाउलमधला साठा हा दोष पूर्वी झाकत असे. गाडीला डायनॅमो असेल तर आधी अल्टरनेटर बसवावा, कारण आयडलवर पंपाचा आणि इंजेक्टरांचा भार डायनॅमोला झेपत नाही.

इंजेक्टर बदलल्यावर आयडल स्थिरावले, पण चढावर मिश्रण लीन होऊ लागले, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडू लागले. मी दोन दिवस मॅपमधले, म्हणजे किती पेट्रोल सोडायचे ते ठरवणाऱ्या ईसीयूमधल्या तक्त्यातले, आकडे चाळत बसलो. शेवटी मल्टिमीटर थेट पंपाच्या टर्मिनलांवर लावला, तेव्हा इंजिन चालू असतानाही तिथे 10.9 व्होल्टच दिसले. मूळच्या बारीक वायरीतून पंपाला वीज दिली होती, त्यामुळे पंपच कमी पडत होता. बॅटरीपासून फ्यूज आणि रिलेमार्फत जाड वायर ओढल्यावर ते 13.4 झाले आणि मॅपमध्ये केलेले सगळे बदल मला परत काढावे लागले.