लिनो ब्लॉकवर (कोरून, शाई लावून छापायचा लिनोलियमचा तुकडा) पॉप आर्ट (रोजच्या, बाजारातल्या वस्तूंची कला) आणि सररिअलिझम (स्वप्नासारखी विचित्र चित्रं) एकत्र करायचंय?

रोजची एकच वस्तू घ्या, समजा चहाचा कप, आणि त्यात चहाऐवजी एक उघडा डोळा काढा. कप सगळ्यांच्या ओळखीचा म्हणून पॉप, डोळा भलत्याच जागी म्हणून सररिअल, बास, तिसरं काही घुसवू नका कारण ब्लॉकवर गर्दी झाली की प्रिंटचा जीवच जातो. अक्षरं असतील तर उलटी कोरायची, घाईत हे हमखास राहून जातं. लिनो कडक वाटला तर थोडा वेळ उन्हात ठेवा, मऊ होतो, आणि दुसरा हात कायम हत्याराच्या मागेच!

पिवळा, गुलाबी असे सपाट रंग वेगळ्या ब्लॉकवर घ्या, ते आधी छापून पूर्ण वाळू द्या आणि मगच काळ्या रेषांचा ब्लॉक. रंग रेषेपासून एक-दोन मिलिमीटर सरकला तर खरंच तसाच ठेवा, जुन्या स्वस्त कॉमिक्सचा लुक त्यातूनच येतो. छपाईचा प्रेस नसेल तर कागदावर स्टीलच्या चमच्याची पाठ गोल गोल घासा.

पॉप आर्टवाल्या अँडी वॉरहोलने १९६२ मध्ये सूपच्या डब्यांचे ३२ कॅनव्हास केले होते, तुम्ही निदान चार प्रिंट चार रंगांत काढून शेजारी शेजारी लावा.