मुलांनी केलेली वनस्पतींची नोंद जागतिक साठ्यात पोचवताना

मुलांकडून वनस्पतींची नोंद करून घ्यायला एवढं पुरे: चार मुलांचा गट, १ मीटर × १ मीटर चौकट (दोरी आणि चार खुंट्या पुरतात) आणि २० मिनिटं. जागा याहून मोठी दिली की मुलं फुलपाखरांमागे पळतात, गवताकडे कोणी बघत नाही.

प्रत्येक वनस्पतीचे तीन फोटो घ्या: संपूर्ण झाड, पानाची खालची बाजू, फूल किंवा फळ. शेजारी मोजपट्टी ठेवा. नुसत्या फुलावरून तज्ज्ञही अनेकदा प्रजातीपर्यंत पोचत नाहीत. एका नोंदीत एकच जीव.

फोटो शिक्षकांच्या खात्यातून आयनॅचरलिस्टवर (जिवांचे फोटो टाकून लोकांकडून ओळख पटवून घेण्याचं संकेतस्थळ आणि अ‍ॅप) चढवा. १३ वर्षांखालच्या मुलांची खाती नकोत. खरा घोळ फोटो चढवतानाच होतो. मेसेजिंग अ‍ॅपवरून आलेल्या फोटोतून ठिकाण बहुधा पुसलं जातं, म्हणून मूळ फाइलच वापरा. लावलेली झाडं 'लावलेली' म्हणूनच नोंदवा, जंगली म्हणून नाही. नाव माहीत नसेल तर 'वनस्पती' एवढंच लिहा. उगाच ठोकून दिलेलं नाव निस्तरायला जास्त वेळ जातो.

तारीख, ठिकाण, फोटो असून दोन-तृतीयांशाहून जास्त ओळखणाऱ्यांचं प्रजातीवर एकमत झालं, की नोंद संशोधन दर्जाची होते. नोंदीचा परवाना सीसी झिरो, सीसी बाय किंवा सीसी बाय-एनसी (इतरांना वापराची मुभा देणारे क्रिएटिव्ह कॉमन्स परवाने) असेल तरच ती जीबीआयएफ या जैवविविधतेच्या खुल्या जागतिक साठ्यात जाते आणि परदेशातल्या संशोधकाच्या हाती लागते.