ट्रेन सिम झटके खातोय? कार्ड घ्यायच्या आधी हे करून बघा

ओपन रेल्स या गाडी चालवायच्या मोफत सिम्युलेटरवर रत्नागिरी स्टेशनात गाडी शिरली की एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) ५५ वरून थेट १८ वर, असं होतंय ना? मग लगेच ग्राफिक कार्डाच्या मागे लागू नका, मी लागलो होतो, पैसे गेले आणि गाडी स्टेशनात तशीच अडखळत शिरली.

आधी चोर शोधा. रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा आणि त्याच स्टेशनात त्याच जागी गाडी उभी करा. एफपीएस वाढले तर कार्ड कमी पडतंय, जागचे हललेच नाहीत तर प्रोसेसर. ट्रेन सिममधे बहुतेक वेळा दुसरंच निघतं, कारण डब्यांचं फिजिक्स, सिग्नल, क्रॉसिंगला येणारी दुसरी गाडी, हजारो झाडं आणि खांब कार्डाकडे पाठवणं, हे सगळं प्रोसेसरच्या एकदोन कोअरच्याच (आतल्या कामगारांच्याच म्हणा) मानगुटीवर बसतं. टास्क मॅनेजरमधे सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, २५ टक्के दिसतो त्यावर जाऊ नका, एक कोअर घामाघूम आणि बाकीचे ओसरीवर पान खात बसलेले असतात. गेममधे एफ५ दाबा, शिफ्ट एफ५ने डीबगच्या पानावर या, रेंडरर (चित्र कार्डाकडे पाठवणारा) आणि अपडेटर (गाड्यांचं गणित करणारा) किती टक्के दमलेत ते वेगवेगळं दिसेल.

प्रोसेसरच निघाला तर ऑप्शन्समधे ऑब्जेक्ट डेन्सिटी (झाडं-खांबांची गर्दी) कमी, डायनॅमिक शॅडो (सावल्या) बंद, व्ह्यूइंग डिस्टन्स (किती लांबवर दिसतं ते) २००० मीटर. कोकणात तसंही दोन्ही बाजूंना कटिंग नाहीतर बोगदा, लांबचं दिसतंय कुठे. फक्त पानवलच्या ६४ मीटर उंच पुलावर जीव हळहळतो. आणि एफपीएस ३० ला लॉक करा, ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर स्थिर ३० हे २५-६० च्या उड्यांपेक्षा कधीही बरे.

दर दोनेक किलोमीटरला एक उचकी लागत असेल तर ती वेगळी भानगड, रूट (गेममधला रेल्वेमार्ग) २०४८ मीटरच्या टाइल्समधे कापलेला असतो, पुढची टाइल हार्ड डिस्कवरून यायला वेळ लागतो. रूट एसएसडीवर टाका, झालं. वेगळं ग्राफिक कार्ड नसलेल्या लॅपटॉपमधे चित्राचं कामही रॅमवरच चालतं, तिथे रॅमच्या दोन सारख्या स्टिक टाका, १६ जीबीची एकच नको.

पहिली दहा मिनिटं मस्त आणि मग घसरण, तर तो उकाडा. माझा लॅपटॉप मे महिन्यात खालून उघडला तर फॅनच्या जाळीवर धूळ आणि खारी दमट हवा मिळून गोधडीसारखा थर बसलेला, जुन्या टूथब्रशने काढला तर अख्खा एका तुकड्यात निघाला. साफ करताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा. आणि लाईट गेल्यावर बॅटरीवर टेस्ट करू नका, बॅटरीवर लॅपटॉप स्वतःच क्लॉक (प्रोसेसरचा वेग) खाली आणतो आणि तुम्ही उगाच सेटिंग उलटसुलट करत बसता.