पणजीला एकट्याने राहायला जाताना

कपडे, चार्जर, औषधं, आधार कार्ड हे सांगायला नको. पावसाळ्यात छत्री घ्या, रेनकोट नको. त्या दमट उष्म्यात आतून घामानेच भिजाल. आणि तिथी दाखवणारी दिनदर्शिका घ्या, निदान तिच्या पानाचा फोटो; तिथीवरून भरती-ओहोटीची वेळ कळते. हीच हमखास राहते, आणि मग मांडवी नदीकाठी चिखलाकडे बघत बसावं लागतं.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. गणपती, नाताळ आणि मे महिन्यासाठी त्याच सकाळी करा. उतरायचं करमळीला, तिथून पणजी साधारण १२ किलोमीटर. मडगावला उतरलात तर तिप्पट अंतर. सावंतवाडी-कुडाळकडच्यांनी सरळ एसटी धरावी. विमानाने जाणार असाल तर तिकिटावर मोपा आहे की दाबोळी, ते दोनदा वाचा. पणजी मधोमध आणि हे दोन विमानतळ दोन टोकांना.

खोली मळा किंवा फोंताइन्हास या वस्त्यांत बघा, सगळं चालत करता येतं. नदीसमोरच्या रस्त्यावरची खोली फोटोत झकास दिसते, पण शनिवार-रविवारी कॅसिनोच्या जेटीची वर्दळ रात्रभर असते. एकट्याला दर कमी होईल असं धरू नका, खोलीचं भाडं खोलीचंच असतं. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात इफ्फी हा चित्रपट महोत्सव आणि ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त, म्हणजे चर्चचा उत्सव, तेव्हा खोल्या महाग. पावसाळ्यात मळ्यात तळमजला घेऊ नका. मुसळधार पाऊस आणि भरती एकदम आली की गटारांचं पाणी नदीत उतरत नाही, उलट वर येतं. ‘१८ जून’ नावाच्या रस्त्यावरही तेच. म्हणजे खोली घेतानासुद्धा भरती आलीच.

तर भरतीचा हिशेब असा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पुनवेला-अवसेला, पंधरा धरून, सव्वाअकरा. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. दिवसा आणि रात्री, दोनदा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हा कोकणातला ठोकताळा आहे, गोव्यात पाऊण-एक तास इकडेतिकडे होतो आणि नदीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा. होडीवाल्याला आदल्या दिवशी फोन करून ‘पाणी कितीला?’ एवढंच विचारा. ‘होडी कितीला’ विचारलंत तर तो पैसे सांगेल.

चोडण बेटावरच्या सलीम अली पक्षी अभयारण्यासाठी तर हे सोडूच नका. रायबंदरहून फेरीबोट, पायी माणसाला तिकीट नाही. खारफुटीच्या आतल्या वहाळांत, म्हणजे ओढ्यांत, होडी भरतीलाच शिरते. ओहोटीला तीच चिखलात रुतते. सकाळचं कोवळं ऊन आणि भरलेलं पाणी एकत्र हवं असेल तर दशमी ते द्वादशी गाठा. बगळे, तुतवार यांना चिखलात टिपताना बघायचं असेल तर मात्र ओहोटी बरी. तेव्हा होडीचा नाद सोडून बांधावरच्या वाटेने चाला. पाहुणे पक्षी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. फेरीबोटीत चढायचा उतार ओहोटीला उघडा पडतो आणि शेवाळ्याने निसरडा असतो, गुळगुळीत तळव्याची चप्पल नको. आता परत सांगतो: आधी तिथी बघा, मग दिवस ठरवा. होडी ठरवून तिथी बघण्यात अर्थ नाही.

मिरामारला पोहू नका. तिथे नदी समुद्राला मिळते, ओहोटीची ओढ बाहेर नेते, आणि एकट्याचं कोणाच्या लक्षातही यायचं नाही.

फिरायला बस आणि पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी. भाडं बसण्याआधी ठरवा. ओला-उबर नाहीत. भाड्याच्या स्कूटरची पाटी काळी आणि आकडे पिवळे असायला हवेत. पांढऱ्या पाटीची देऊ लागला तर घेऊ नका, पोलीस तुम्हालाच अडवतात. मडगाव, म्हापसा, वास्कोच्या कदंब (गोव्याची सरकारी बससेवा) शटलचं तिकीट स्टँडवर खिडकीतून घेऊन मग बसायचं. रात्री आठनंतर बसच्या भरवशावर राहू नका.

दुपारी एक ते चार बरीच दुकानं बंद, कामं सकाळीच उरका. जून-जुलैत मासेमारी बंदी असते, थाळी महाग आणि मासा बहुधा बर्फातला. पाव पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, सायकलच्या भोंग्यावर लक्ष ठेवा. चर्चमध्ये गुडघे-खांदे झाका. जुन्या गोव्याचं पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद. फोंताइन्हासमध्ये लोकांच्या पायऱ्यांवर बसून फोटो काढू नका, लोक राहतात तिथे.

परतीला करमळीची रिक्षा आदल्या रात्रीच सांगून ठेवा. सुटे पैसे. आणि तिथी.