वेस्ट पॉइंट, अ‍ॅनापोलिसचा उन्हाळी आठवडा: अर्ज भरताना आपल्या घरांत होणाऱ्या चुका

“काका, ओसीआय कार्ड म्हणजे ड्युअल सिटिझनशिपच ना?” अकरावीतल्या एका मुलीने जानेवारीत फोन करून विचारलं. विचारेपर्यंत अमेरिकन लष्करी अकादमीच्या उन्हाळी आठवड्याच्या अर्जात ‘दुहेरी नागरिकत्व’ या चौकोनात टिक मारूनही झाली होती. कार्डावर ‘सिटिझन’ असं छापलेलंच आहे, असं बाबा म्हणाले होते.

ओसीआय, म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ कार्ड, हा भारताचा आयुष्यभराचा व्हिसा समजा, वर थोड्या जास्तीच्या सवलती. ते नागरिकत्व नव्हे. भारत दुहेरी नागरिकत्व देतच नाही. हा अर्ज पुढे लष्करी अधिकारी होण्याच्या वाटेला लागतो. तिथे नसलेलं दुसरं नागरिकत्व आपणच जाहीर केलं, तर पुढे टप्प्याटप्प्याला खुलासे करत बसावं लागतं. कार्ड लपवायचं मुळीच नाही. विचारलं तर ‘ओसीआय आहे’ असं सरळ लिहायचं. नागरिकत्वाच्या रकान्यात मात्र एकच देश.

मी न्यू जर्सीत रविवारच्या मराठी शाळेत शिकवतो आणि दर हिवाळ्यात दोन-चार मुलं हे अर्ज घेऊन येतात. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीचा ‘समर लीडर्स एक्स्पिरियन्स’, अ‍ॅनापोलिसच्या नेव्हल अकादमीचा आणि कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या एअर फोर्स अकादमीचा समर सेमिनार, न्यू लंडनच्या कोस्ट गार्ड अकादमीचा ‘एम’ (AIM, अकॅडमी इंट्रोडक्शन मिशन). सगळ्यांचा साचा साधारण एकच: अकरावी संपवून बारावीत जाणाऱ्या मुलामुलींनी आठवडाभर अकादमीत राहायचं, पहाटे पीटी, दिवसा वर्ग आणि कवायत, आणि डोक्यावर दोन-तीन वर्षांनी मोठे कॅडेट. फी काही शे डॉलर, प्रवासखर्च वेगळा. हजारो डॉलर मागणारं ‘निवड झाली आहे’ असं चकचकीत पत्र घरी आलं, तर ते या चारांपैकी कुणाचं नाही एवढं ओळखा.

कागदांचा घोळ इथे सर्वांत जास्त होतो, म्हणून आधी तोच.

आई किंवा बाबा अमेरिकन नागरिक झाले, त्या वेळी मूल अठराच्या आत होतं, ग्रीन कार्डावर इथेच त्यांच्यासोबत, त्यांच्या ताब्यात राहत होतं, तर ते मूल आपोआप नागरिक होतं. २००१ च्या फेब्रुवारीपासून कायदा तसा आहे. पण आपल्याकडे काय होतं, की बाबांची शपथ होते, फोटो निघतात, पेढे वाटले जातात आणि मुलाचा पासपोर्ट काढायचा राहून जातो. मग पोरगा प्रामाणिकपणे ‘परमनंट रेसिडेंट’ लिहितो आणि अर्ज तिथेच अडकतो. यावर इलाज एकच: आधी मुलाचा अमेरिकन पासपोर्ट काढा, मग अर्ज. त्याला लागणारे आठवडे धरून ऑक्टोबरातच सुरुवात करा. घरातल्या कुणाचंच नागरिकत्व झालेलं नसेल, तर मुलाला हे आधीच सांगा. अकादमीच्या प्रवेशाला नागरिकत्व लागतंच, आणि मार्चमध्ये कळण्यापेक्षा सप्टेंबरात कळलेलं बरं.

दुसरा घोळ नावाचा. पासपोर्टवर मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. शाळेच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, वडिलांचं नाव गायब. सॅट या कॉलेजप्रवेशाच्या चाचणीच्या नोंदणीत घाईघाईत नुसतं ‘आदि’, कारण मित्र तसंच म्हणतात. आपल्याला ही तिन्ही नावं एकाच मुलाची दिसतात, संगणकाला तीन मुलं दिसतात. सॅट, एसीटी किंवा पीसॅटचे गुण अर्जाला जोडले जात नाहीत आणि ‘अपूर्ण’ असा शेरा तसाच राहतो. पासपोर्टवर आहे तेच नाव सगळीकडे करून घ्या. शाळेच्या नोंदीसाठी कौन्सेलरला एक ईमेल लिहिली की काम होतं. जन्मतारखेचंही तेच. पाच ऑगस्ट आजोबांच्या सवयीने ०५/०८ लिहिली, की अमेरिकेत ती आठ मे होते.

सगळं भरूनही ‘अपूर्ण’ दिसत असेल, तर हे तपासा: ट्रान्सक्रिप्ट शाळेकडून गेलं का, की तुम्ही स्वतःच काढलेला फोटो चढवला आहे, गुण कोणत्या नावावर आहेत, आणि ईमेलचा पत्ता कोणता दिला आहे. शाळेच्या पत्त्यावर बाहेरच्या ईमेल बरेचदा पोचत नाहीत. आईचा पत्ता दिला, तर अकादमीचं पत्र भिशीच्या आणि कूपनांच्या गर्दीत हरवायचं. मुलाचा स्वतःचा साधा पत्ता हवा, आणि तो त्याने रोज उघडायला हवा.

तारखांची गोष्ट वेगळीच. बहुतेक अर्ज डिसेंबर-जानेवारीच्या आसपास सुरू होतात आणि वसंताच्या तोंडावर बंद होतात. तारखा दर वर्षी सरकतात, तेव्हा अकादमीच्या संकेतस्थळावर त्याच वर्षीच्या पाहा. पण मराठी घरातली खरी टक्कर मुदतीशी नसते, भारताच्या तिकिटांशी असते. जूनमध्ये पुण्याला जायची तिकिटं जानेवारीतच निघालेली असतात, मावसबहिणीचं लग्न ठरलेलं असतं. सत्रंही बहुतेक जूनमध्येच. एका घरी निवडीचं पत्र आलं आणि मुलगा त्या आठवड्यात सिंहगडावर झुणका-भाकर खात होता. फोटो छान आले होते.

आता अर्जातल्या मजकुराकडे. पुण्यात वाढलेला बाप पहिला प्रश्न विचारतो: “एन्ट्रन्स कधी असते?” त्याच्या डोळ्यांपुढे खडकवासल्याची एनडीए असते: आधी यूपीएससीची लेखी परीक्षा, मग एसएसबीची मुलाखत. इथे तशी एकच एक परीक्षा नाही. शाळेतले गुण, सॅटसारख्या चाचणीतले गुण, खेळ, आणि चार माणसांची जबाबदारी कधी घेतली आहे का, हे सगळं एकत्र तोललं जातं. म्हणून गणिताच्या क्लासमागे धावता धावता दहावीत ट्रॅकवरचं धावणं सोडून दिलेलं मूल इथे मागे पडतं. तो धक्का पालकांनाच जास्त बसतो.

पण मला खरी हळहळ वाटते ती दुसऱ्याच चुकीची. मागे एका मुलाच्या अर्जात ओळ होती: ‘सांस्कृतिक कार्यक्रम, ढोल, ३ वर्षं.’ त्या मुलाला मी ओळखतो. आमच्या गणपतीच्या पथकात तो तिसऱ्या रांगेतून पुढे येऊन टोलप्रमुख झाला. तीसेक वादकांची हजेरी त्याच्या वहीत असायची. ढोल ताणायला शनिवारी सकाळी सातला कोण येणार, मिरवणुकीत पाणी कुणी द्यायचं, लय सुटली तर कुणाकडे बघायचं, हे सगळं तोच ठरवायचा. एकदा पावसात ढोलांची पानं (चामडी) सैलावली, तेव्हा अर्ध्या तासात पथक नव्याने उभं केलं होतं त्याने. यातलं काहीच अर्जात नव्हतं. का, तर “ते तर आपलं घरचंच आहे ना.” पानं, टोल हे शब्द अकादमीतल्या वाचणाऱ्याला कळणार नाहीत, पण तीस माणसं, तीन वर्षं, दर शनिवारी सात वाजता, हे कळतं. आम्ही ती ओळ बदलून तिच्या तीन ओळी केल्या.

याच्या उलट टोक म्हणजे जिथे निबंध मागतात तिथे शिवाजी महाराज. गनिमी काव्यावर दोन परिच्छेद, अफझलखानावर एक, आणि स्वतःबद्दल शेवटची ओळ. महाराजांचा प्रवेश अर्ज नाही तो. घरातून ती प्रेरणा मिळाली असेल तर एका वाक्यात लिहा, आणि मग तुम्ही काय केलंत त्यावर या.

अर्ज बाबांनी भरू नये, हे सांगून काही उपयोग होत नाही, तरी सांगतो. अकादमीशी मुलानेच बोलायचं असतं. नेव्हल अकादमीचे ‘ब्लू अँड गोल्ड’ अधिकारी किंवा एअर फोर्सचे प्रवेश-संपर्क अधिकारी मुलांशी बोलतात. तिथे “सर, माय सन इज व्हेरी सिन्सिअर” म्हणणारा फोन गेला की पलीकडचा माणूस नम्रपणे म्हणतो, मुलाला द्या. मग फोन घ्यायला मुलगा घरी नसतो.

वैद्यकीय फॉर्मवर दमा, अ‍ॅलर्जी, चालू गोळ्या, सगळं खरं लिहा. तेराव्या वाढदिवसानंतरचा दमा पुढे प्रवेशाच्या तपासणीत अडचणीचा ठरतो, हे ऐकून काही आया इन्हेलर बॅगेच्या तळाशी लपवतात. पहाटेच्या धावेत मुलाला धाप लागली, तर तो तळ शोधणार कोण? शाकाहारी असाल तर तेही आधीच कळवा.

तयारी नवे बूट घालून जायच्या दिवशी सुरू करू नका, फोड येतात. कोलोरॅडोची अकादमी ७,२५८ फुटांवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही कितीतरी उंच. समुद्रसपाटीवर मैलभर सहज धावणारा तिथे अर्ध्यातच धापा टाकतो. फिटनेस चाचणीचा सराव मुलं पुश-अप्स, पुल-अप्स, क्रंचेस, शटल रन आणि एक मैल धावेचा करतात. गुडघ्यांवर बसून बास्केटबॉल फेकायचा असतो, हे बहुतेकांना ऐन वेळी कळतं.

निवड झाली नाही, तर अकादमीचं दार बंद झालं असं नव्हे. झाली, तर प्रवेश पक्का असंही नव्हे. खरा प्रवेश अर्ज वेगळाच चालतो. कोस्ट गार्ड सोडून बाकीच्यांना नामांकन लागतं, सहसा तुमच्या मतदारसंघाच्या काँग्रेस सदस्याचं किंवा राज्याच्या सिनेटरचं, आणि त्यांच्या कार्यालयांच्या मुदती साधारण शरद ऋतूत संपतात. उन्हाळ्याच्या निकालाची वाट बघत ते अर्ज लांबवू नका.

ओसीआयवाल्या त्या मुलीने टिक काढली, नाव दुरुस्त केलं, भारताची तिकिटं आठवडाभर पुढे ढकलायला बाबांना भाग पाडलं आणि अ‍ॅनापोलिसला जाऊन आली. परत आल्यावर तिची तक्रार एकच होती: “काका, तो बॉलचा प्रकार तुम्ही आधी सांगायला हवा होतात.”