या चुका टाळा: आधी स्पेल की आधी रिअ‍ॅक्शन, यावरून रविवार घालवू नका

दर रविवारी सकाळी मिसळ हाणायची आणि दुपारपासून इंदिरानगरातल्या एका फ्लॅटवर डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं घेऊन गोष्ट खेळायचा फाशांचा खेळ) खेळायचं, असं आमचं बरीच वर्षं चालू आहे आणि डीएम (गोष्ट चालवणारा, शत्रूंच्या वतीने खेळणारा) बहुतेक वेळा मीच असतो. नवीन पोरं येतात, जातात, पण भांडण तेच, एकाचा स्पेल (मंत्र) आधी की दुसऱ्याची रिअ‍ॅक्शन (दुसऱ्याच्या चालीत मधेच दिलेलं उत्तर) आधी. "मी आधी म्हणालो होतो!" "अरे पण तेव्हा फासा पडला होता!" दर वेळी कोणीतरी मोबाईल काढून नियम शोधायला लागतो. नियम बहुतेक वेळा पुस्तकात स्पष्ट असतो हो, घोळ आपण बोलतो कसं त्यात असतो.

सगळं एका दमात बोलणं

ही माझी लाडकी चूक आहे कारण मी स्वतः केलीय.

पावसाळ्यातली संध्याकाळ, बाहेर धो धो, आत भजी आणि चहा, आणि आठ महिने चाललेल्या मोहिमेची शेवटची लढाई. शत्रूच्या जादूगाराची टर्न आली आणि मी जोशात म्हणालो, "तो फायरबॉल टाकतो, सगळे डेक्स सेव्ह मारा" (आगीच्या गोळ्यातून चपळाईने वाचायचा फासा). चौघांनी पटापट फासे टाकले, तिघं फेल, 31 डॅमेज, आमची क्लेरिक (देवाच्या शक्तीने जादू करणारं पात्र) आडवी. आणि मग आमचा विझार्ड (जादूगार) म्हणतो, "थांब थांब, काउंटरस्पेल." (समोरच्याचा स्पेल हाणून पाडणारा स्पेल.)

झालं. एक पार्टी म्हणे उशीर झाला, दुसरी म्हणे डीएमने वेळच दिला नाही. तिसरा एक शहाणा म्हणाला की स्पेल कुठला आहे ते ओळखायलाच रिअ‍ॅक्शन लागते, 2017 च्या झॅनाथार्स गाईड या जादा नियमांच्या पुस्तकात तसं आहे खरं, पण मी नाव आधीच सांगून बसलो होतो त्यामुळे ओळखायचं राहिलं काय होतं? पाऊण तास गेला, भजी गार झाली, क्लेरिकवाली चिडून गॅलरीत जाऊन बसली.

आता नियम बघा. काउंटरस्पेल कधी टाकायचा, तर 60 फुटांच्या आत कोणीतरी स्पेल टाकताना *दिसतंय* तेव्हा. टाकून झाल्यावर नाही, सेव्ह मारल्यावर तर नाहीच. 2014 च्या नियमपुस्तकाप्रमाणे तिसऱ्या लेव्हलपर्यंतचा स्पेल आपोआप बंद पडतो, त्यावरचा असेल तर चेक मारायचा, म्हणजे फासा टाकून 10 अधिक स्पेलची लेव्हल एवढा आकडा गाठायचा. म्हणजे तो फायरबॉल विनाचेक विझला असता, म्हणूनच विझार्डचा जीव जळत होता. आणि चूक माझी होती, कारण "टाकतो" आणि "सेव्ह मारा" यांच्यामध्ये मी श्वाससुद्धा घेतला नव्हता. तेव्हा मी ते कबूल केलं नाही, ती गोष्ट वेगळी.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. शत्रू स्पेल टाकायला लागला की मी नाव सांगतच नाही, फक्त दिसतं ते सांगतो: "त्याने वटवाघळाची विष्ठा आणि गंधक चिमटीत घेतलंय, बोट तुमच्याकडे." (फायरबॉलचं साहित्य खरंच तेच आहे.) मग मी चहाचा एक घोट घेतो. तो घोट म्हणजे तुमची वेळ. घोट गिळला की मी "सेव्ह मारा" म्हणणार, त्यानंतर देव आला तरी काउंटरस्पेल नाही. पुस्तकात हे कुठेही लिहिलेलं नाही, पण त्यानंतर त्या कारणावरून आमच्याकडे भांडण झालेलं नाही.

खेळाडूंनाही हेच. "मी होल्ड पर्सन टाकतो" एवढंच म्हणा आणि थांबा. हातात फासा खुळखुळवत वाक्य पूर्ण करायची घाई असते ना नवीन लोकांना, तिथेच सगळं बिघडतं.

शील्ड

हा वार अडवायचा स्पेल. हिट लागला कळल्यावर, डॅमेजच्या आधी बोला. आणि फायरबॉलवर शील्ड चालत नाही रे बाबांनो, तिथे अटॅक रोलच (वार लागतो का ते बघायचा फासा) नाही.

"मी रेडी ठेवतो" म्हणजे फुकट थांबणं नव्हे

हा दुसरा छळ. नवीन माणसाला रेडी (अमुक झालं की तमुक करेन, असं आधी ठरवून ठेवणं) हा शब्द सापडला की तो सगळंच रेडी ठेवतो, "गॉब्लिन दारात आला की फायरबॉल." छान. पण स्पेल रेडी करायचा म्हणजे तो आत्ताच टाकायचा, स्लॉट (स्पेल टाकायची मोजकी शिल्लक) आत्ताच जाणार, आणि त्याची शक्ती धरून ठेवायला कॉन्सन्ट्रेशन लागणार, जे एका वेळी एकाच स्पेलवर ठेवता येतं. म्हणजे आधीपासून ब्लेससारखा कॉन्सन्ट्रेशनवाला स्पेल चालू असेल तर तो गेला. गॉब्लिन आलाच नाही तर स्लॉटही गेला. हे सांगितलं की समोरचा असा बघतो जणू त्याचा खिसा मी मारलाय.

त्याहून मोठा गैरसमज म्हणजे "तो मला मारणार तेवढ्यात मी त्याला आधी मारतो." नाही. रेडी केलेली गोष्ट ट्रिगर पूर्ण झाल्यावर लगेच होते, म्हणजे त्याचा वार आधी, तुमचा नंतर. काउंटरस्पेल आणि शील्ड मधेच घुसतात कारण त्यांच्या स्वतःच्या वर्णनात तसं लिहिलंय, तुमच्या रेडीमध्ये लिहिलेलं नाही. ज्याला दारातून येणाऱ्याला खरंच अडवायचंय त्याने ट्रिगर "तो दार उघडतो तेव्हा" असा ठेवावा, "तो हल्ला करतो तेव्हा" असा नाही. मी हे पाठ होईपर्यंत सांगतो आणि पुढच्या रविवारी परत तेच.

टर्न आणि राऊंड एक समजणं

राऊंड सहा सेकंदांचा, त्यात प्रत्येकाची एक टर्न. रिअ‍ॅक्शन एकच, ती तुमची टर्न सुरू झाली की परत मिळते, राऊंड संपला की नाही.

बोनस अ‍ॅक्शनने स्पेल टाकून वर दुसरा मोठा स्पेल

बोनस अ‍ॅक्शन म्हणजे टर्नमधली जादा छोटी कृती. तिने स्पेल टाकला तर 2014 मध्ये त्याच टर्नला फक्त एक अ‍ॅक्शनवाली कँट्रिप (स्लॉट न लागणारा छोटा स्पेल) चालते. मिस्टी स्टेप हा बोनस अ‍ॅक्शनचा स्पेल टाकला, शत्रूने तो काउंटर केला आणि तुम्हाला त्याच्या काउंटरस्पेलवर काउंटरस्पेल मारायचाय? नाही जमत, टर्न तीच आहे.

दोन पुस्तकं एकत्र शिजवणं

2024 च्या पुस्तकात काउंटरस्पेल बदललाय, ज्याचा स्पेल अडवायचा तो कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (काटकपणाचा फासा) मारतो आणि अडला तरी त्याचा स्लॉट वाचतो. अर्धं टेबल एक वाचून आलंय आणि अर्धं दुसरं, तर कुठलाच वाद मिटणार नाही. कुठलं पुस्तक ते पहिल्या दिवशी ठरवा. आम्ही 2014 वर आहोत, मुख्यतः माझ्या आळसामुळे.

रिवाइंड

पुढच्या माणसाने आपली टर्न सुरू केली की मी मागे जात नाही. अपवाद एकच, कोणाचं कॅरेक्टर मरत असेल तर, कारण गॅलरीत जाऊन बसलेल्या माणसाला परत आणायला फार वेळ लागतो.

तो विझार्ड अजून आमच्यातच आहे. आता मी लढाईत नुसता तहान लागली म्हणून कप उचलला तरी तो हात वर करून ओरडतो, "काउंटरस्पेल!"