खिद्रापूरला दुपारीच पोहोचा

कोल्हापूरहून गाडीने निघालात तर आधी नृसिंहवाडीला दत्ताचं दर्शन घ्या आणि ऊन डोक्यावर येईतो खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर गाठा. स्वर्गमंडपाचं छत मधोमध गोल उघडं आहे. भर दुपारी तिथून उतरणारा प्रकाश खाली शिळेवर पडतो. तो पाहायलाच हवा! बाहेरच्या भिंतीतले हत्ती सावकाश बघा, निदान तासभर तरी द्या. अनवाणी फिरताना फरशी चांगलीच तापते, म्हणून मोजे जवळ असू द्या. शिवमंदिर असूनही समोर नंदी नाही. तो कृष्णेपलीकडे यडूरला असल्याचं मानतात. पावसाळ्यात मात्र कृष्णा-पंचगंगेला पूर आला की रस्ते पाण्याखाली जातात, त्यामुळे निघण्यापूर्वी पाणीपातळीची चौकशी करा. वाडीची बासुंदी परतीच्या वाटेवर घ्या, उन्हात टिकत नाही.